नाताळची टर्की, केजन मसाला आणि वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नाताळसाठी केजन पद्धतीच्या अख्ख्या टर्कीची कृती थोडक्यात दिली होती. टर्कीला मीठ लावून दोन दिवस थंडीत ठेवायची, कातडीखाली लोणी आणि लसूण-मिरी-मिरचीचा मसाला भरायचा आणि 165 अंश सेल्सिअसवर सावकाश भाजायची, एवढीच ती कृती. त्यावर यवतमाळपासून गोंदियापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. बहुतेकांनी मसाल्याबद्दल विचारलं आहे. मसाला थोडा इकडेतिकडे झाला तर फक्त चव बदलते. मीठ, वेळ आणि आच चुकली तर मात्र पाच किलोचं पाखरू वाया जातं, म्हणून आमची उत्तरं तिथे जास्त लांबली आहेत. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न : स. न. कृतीत पॅप्रिका, थाईम, ओरेगॅनो अशी नावं आहेत. आमच्या आठवडी बाजारात यातलं काही मिळत नाही. घरचं तिखट आणि काळा मसाला लावला तर चालेल का? आणि हे केजन म्हणजे नेमकं काय?
— दारव्हा, जि. यवतमाळ

काळा मसाला लावून टर्की चांगलीच लागेल, पण ती सावजीच्या वळणाची होईल, केजन होणार नाही. केजन मसाल्यात दगडफूल, खोबरं, धणे, लवंग, दालचिनी, हळद यांतलं काही नसतं. लसूण आणि कांदा, तीन तऱ्हेचा तिखटपणा (लाल मिरची, काळी मिरी, पांढरी मिरी) आणि थोडा वाळलेला पाला, एवढ्यावर तो उभा असतो.

साफ केलेल्या 5 किलोच्या टर्कीला हे प्रमाण घ्या : बेडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड 20 ग्रॅम, लसणाची पूड 20 ग्रॅम, कांद्याची पूड 10 ग्रॅम, काळी मिरी 8 ग्रॅम, पांढरी मिरी 3 ग्रॅम, झणझणीत तिखट 4 ग्रॅम, थाईम 3 ग्रॅम, ओरेगॅनो 3 ग्रॅम. यातला साधारण 60 ग्रॅम मसाला टर्कीला लागतो, उरलेला रश्श्याला ठेवा. यात मीठ मुद्दाम घातलेलं नाही. ते आधीच मांसात गेलेलं असतं.

पॅप्रिका ही रंगाची मिरची आहे, तिखटपणा तिच्यात नावालाच. म्हणून तिथे बेडगी. भिवापुरी मिरची वापरायची तर ती फक्त त्या 4 ग्रॅम तिखटाच्या जागी. 20 ग्रॅमच्या जागी भिवापुरी घातली तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं ताटावरून उठतील. थाईमच्या जागी ओवा चालतो, कारण दोघांचा वास थायमॉल या एकाच द्रव्यामुळे येतो. पण ओवा फार उग्र. 3 ग्रॅम थाईमऐवजी ओवा छोट्या चमच्याचा चौथा हिस्साच घ्या, तोही भरड कुटून. जास्त झाला की भज्यांचा वास येतो. ओरेगॅनोची पुडी तालुक्याच्या गावी पिझ्झा मिळतो तिथे मिळते. नाहीच मिळाली तर कुंडीतल्या ओव्याची जाड, लवदार पानं चार-पाच दिवस सावलीत वाळवून चुरा.

लसूण-कांद्याची पूड घरीच करा. पातळ काप कडक उन्हात तीन-चार दिवस, कटकन मोडेपर्यंत वाळवायचे आणि मिक्सरमधून काढायचे. लसणाचा वाळून साधारण तिसरा हिस्सा उरतो, कांद्याचा दहावा. ओल्या लसणाचं वाटण कातडीच्या वरून लावू नका, ते अर्ध्या तासात जळून कडू होतं. कातडीच्या खाली लावलं तर काही बिघडत नाही.

आता केजन. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया भागात फ्रेंच शेतकऱ्यांची अकेडिया नावाची वसाहत होती. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं. त्यातले बरेच पुढे अमेरिकेतल्या लुइझियानात दलदलीच्या, नद्यानाल्यांच्या मुलखात वसले. ‘अकेडियन’चा अपभ्रंश होत ‘केजन’ झालं. पुडीवर कधी ‘काजुन’ही लिहिलेलं दिसेल. न्यू ऑर्लिन्स शहराचं खाणं ते क्रिओल, आणि खेड्यापाड्यांतलं, एका भांड्यात रटरटणारं, ते केजन.

प्रश्न : गेल्या नाताळला घरचाच टर्की नर सकाळी कापला आणि दुपारी भाजला. मसाला सुरेख लागला होता, पण मांस रबरासारखं. पायाचं मांस तर दातांनी तुटेना. काय चुकलं?
— मेहकर, जि. बुलढाणा

सकाळी कापून दुपारी भाजला, इथेच पहिली चूक झाली. पाखरू कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात आणि मग हळूहळू सैल पडतात. ताठरलेलं मांस विस्तवावर चढलं की ते कितीही शिजवा, चिवटच राहतं. टर्की कापून, साफ करून किमान 24 तास फ्रीजमध्ये ठेवलीच पाहिजे. 25 तारखेला जेवण असेल तर 22 ला संध्याकाळी कापा. म्हणजे मुरायला आणि मीठ लागायला पुरेसा वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट वय. भाजायला पाच-सहा महिन्यांचं पाखरू हवं. तुमचा नर किती जुना होता ते पत्रात नाही, पण ओळखायची खूण सोपी आहे. छातीच्या मधल्या हाडाचं मागचं टोक बोटाने दाबून पाहा : कोवळ्या पाखराचं ते कुर्चेसारखं लवतं, जुन्याचं लाकडासारखं टणक लागतं. नराच्या पायामागचा काटा कोवळ्या वयात बोथट गुठळीएवढा असतो, जुन्याचा लांब आणि टोकदार. दीड-दोन वर्षांचा नर असेल तर तो भाजायच्या फंदात पडू नका. तुकडे करून मंद आचेवर तीन तास रश्श्यात शिजवा, शेवटच्या उत्तरातला गंबो त्याच्यासाठीच आहे.

तिसरी गोष्ट पायातल्या शिरा. टर्कीच्या तंगडीत सात-आठ शिरा अशा असतात की त्या वाळलेल्या तुराटीसारख्या कडक होतात आणि शिजूनही मऊ पडत नाहीत. तंगडी दातांनी तुटेना ती यांच्यामुळे. पाय तोडण्याआधी घोट्याच्या थोडं वर कातडीला गोल चीर द्या, फक्त कातडीला. पांढऱ्या, चकचकीत दोऱ्या दिसू लागतील. एकेक दोरी पकडीत घट्ट धरून सरळ रेषेत ओढा. वीतभर लांबीची शीर सरकन बाहेर येते आणि तंगडीचं मांस जागच्या जागी राहतं. सगळ्या निघाल्या की मग पाय तोडा.

कापण्याआधी 12 तास दाणा बंद, पाणी चालू. पिसं काढायला उकळत्या पाण्यात बुडवू नका. कातडी तिथेच शिजते आणि उपटताना फाटते. उकळतं पाणी आणि विहिरीचं पाणी निम्मंनिम्मं मिसळलं की डिसेंबरात बरोबर 60 अंशांच्या आसपास येतं. त्यात एक ते दीड मिनिट, पंखाचं मोठं पीस सहज निघेपर्यंत. अंगावरची लव जाळावर फिरवून जाळा, पण गावठी कोंबडीला लावतो तशी हळद इथे लावू नका.

आणि कापून घेणार असाल तर आधीच बजावून सांगा : कातडी ठेवायची. आपल्याकडे कोंबडी सोलून देण्याची सवय आहे. हात सवयीने चालतो आणि मिनिटभरात सगळी कातडी उतरते. अख्खी टर्की भाजायची तर कातडीवाचून छातीचं मांस वाळून भुसा होणार. जिवंत 6.5 ते 7 किलोचं पाखरू घेतलं की साफ होऊन 5 किलो उरतं. ते भाता-पोळीबरोबर दहा माणसांना पुरतं.

प्रश्न : आमच्याकडे डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी असते. टर्की मिठाच्या पाण्यात बुडवून रात्रभर अंगणात झाकून ठेवली तर चालेल ना? फ्रीज लहान आहे.
— चिखलदरा, जि. अमरावती

नाही, चालणार नाही. कच्चं मांस 5 अंशांच्या खाली राहायला हवं, सलग. चिखलदऱ्याची पहाट बोचरी असली तरी संध्याकाळचं आणि सकाळी ऊन चढल्यावरचं तापमान त्याच्या बरंच वर असतं. मांसातले जंतू वाढतात ते नेमके त्याच तासांत. शिवाय कुत्री-मांजरं आहेतच.

लहान फ्रीजला कोरडं मीठ हाच चांगला उपाय. साफ टर्कीच्या दर किलोला 15 ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे 5 किलोला 75 ग्रॅम. निम्मं छातीवर, कारण मांस तिथेच जाड असतं. उरलेलं मांड्या, तंगड्या आणि पोटाच्या आत. फ्रीजचं मधलं शेल्फ काढा, खोल परातीत टर्की ठेवा आणि परात सगळ्यात खाली ठेवा, म्हणजे कच्चं पाणी दुधावर किंवा भाजीवर ठिबकणार नाही. 36 ते 48 तास. पहिल्या काही तासांत परातीत पाणी सुटलेलं दिसेल, मग त्यातलं बरंचसं मिठासकट परत आत ओढलं जातं. शेवटचे 12 तास वरचं झाकण काढून टाका. कातडी हाताला कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. ओलसर कातडी भाजताना आधी वाफावते आणि मग कधीच कुरकुरीत होत नाही.

मसाल्याची चव कातडी आणि तिच्याखालच्या पातळ थरापलीकडे फारशी जात नाही, कितीही तास मुरवा. हाडापर्यंत पोहोचतं ते मीठ. तेच मांसात पाणी धरून ठेवतं. म्हणून मसाला आदल्या रात्री लावला काय आणि भाजायच्या तासभर आधी लावला काय, फार फरक पडत नाही. मिठाला मात्र वेळ द्यावाच लागतो.

फ्रीजमध्ये जागाच होत नसेल तर थर्मोकोलचा मोठा डबा घ्या. मीठ लावलेली टर्की जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि चहूबाजूंनी तिच्या दीडपट ते दुप्पट वजनाचा बर्फ भरा. सकाळ-संध्याकाळ पाणी काढून बर्फ पुन्हा भरा. मिठाचं पाणीच करायचं असेल तर लिटरला 60 ग्रॅम मीठ, 12 ते 18 तास, तेही या बर्फाच्या डब्यातच. वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद दाराआड चार तासांपर्यंत थंडावा टिकतो.

एक गोष्ट खास तुमच्या गावासाठी. स्वयंपाकाचा तापमापक बरोबर दाखवतो का हे पाहायला तो उकळत्या पाण्यात धरतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या आसपास आहे, तिथे पाणी 96 अंशांच्या जवळपासच उकळतं. 100 दिसले नाहीत म्हणून तापमापक टाकून देऊ नका. खात्री हवी तर चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात धरा. तिथे सगळीकडे शून्यच यायला हवं.

प्रश्न : नागपूरहून गोठवलेली टर्की आणली, तुम्ही सांगितल्याइतकंच मीठ लावलं, तरी खारट झाली.
— काटोल, जि. नागपूर

बऱ्याच गोठवलेल्या टर्कींमध्ये कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. वेष्टनावर घटकांत मीठ लिहिलेलं असेल तर वरून मीठ लावायचंच नाही. तयार केजन मसाल्याच्या डबीचंही तसंच. तिच्यात बहुधा पहिला घटक मीठच असतो. तीन ठिकाणांहून मीठ आलं की रश्शाही हाताबाहेर जातो.

गोठलेली टर्की फ्रीजमध्ये दर 2 ते 2.5 किलोला एक दिवस या हिशेबाने सुटते. ओट्यावर सोडवू नका. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात बुडवा, किलोला एक तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला.

प्रश्न : आमचा ओव्हन लहान आहे. टर्की कशीबशी बसली, पण वरून काळी पडली, छाती कोरडी झाली आणि मांडीजवळ आत लालसर राहिली. केजन टर्की काळीच असते असं एकाने सांगितलं. खरं आहे का?
— वरुड, जि. अमरावती

काळी नसते. हा समज 1980 च्या दशकातला आहे. न्यू ऑर्लिन्सचे प्रसिद्ध आचारी पॉल प्रुधोम यांनी मसाला लावलेला मासा तापून लाल झालेल्या बिडाच्या तव्यावर करपवून द्यायला सुरुवात केली, तो जगभर गाजला आणि केजन म्हणजे करपलेलं असं लोकांच्या मनात बसलं. माशाचा पातळ तुकडा दोन-तीन मिनिटांत होतो, म्हणून त्याला ते जमतं. तीन तास भाजायच्या पाखराला नाही. चांगली भाजलेली केजन टर्की गडद विटकरी रंगाची दिसते.

तुमची टर्की काळी पडली ती वरच्या सळईमुळे. 5 किलोची टर्की साधारण 20 सेंटिमीटरपेक्षा जास्त उंच असते, आणि तिच्यापासून वरच्या सळईपर्यंत किमान 5 सेंटिमीटर मोकळं लागतं. 30 लिटरच्या ओव्हनमध्ये ते शक्य नाही. 50-60 लिटरचा असेल तरच अख्खी ठेवा, तीही सगळ्यात खालच्या खोबणीत. लहान ओव्हन असेल तर टर्कीचे भाग करा : हाडासकट छातीचे दोन आणि मांडीसकट तंगडीचे दोन. ताटात अख्खं पाखरू मिरवता येत नाही हे खरं, पण चवीला ही पद्धत आम्हाला जास्त पसंत आहे. छाती आणि पाय यांना शिजायला वेगळा वेळ लागतो. अख्ख्या पाखरात पाय होईस्तोवर छाती वाळते. तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

मसाला भरताना आधी कातडी सोडवा. मानेच्या बाजूने दोन बोटं कातडी आणि छातीच्या मांसामध्ये सरकवा, नखं कापलेली हवीत, अंगठ्या काढलेल्या. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा लागतो. बोटांच्या पेरांनी तो हळूहळू डावी-उजवीकडे सोडवत जा. मधल्या हाडावर तो घट्ट चिकटलेला असतो, तिथे जोर लावला की कातडी फाटते, तेवढी रेघ तशीच सोडा. हात मांडीपर्यंत पोहोचला की 120 ग्रॅम मऊ, बिनमिठाच्या लोण्यात 30 ग्रॅम मसाला कालवून आत सारा आणि वरून कातडी दाबत सगळीकडे पसरवा. उरलेला 30 ग्रॅम मसाला थोड्या तेलात भिजवून वरून. वरच्या मसाल्यात साखर किंवा गूळ घालू नका, तो आधी करपतो.

165 अंशांवर अख्खी 5 किलोची टर्की पावणेतीन ते सव्वातीन तास घेते. भाग केलेले असतील तर सव्वा ते पावणेदोन तास. रंग विटकरी झाला की फॉइलचा तंबू वरून सैल टाका. दर पंधरा मिनिटांनी दार उघडून तूप-लोणी चोपडायचा मोह टाळा. प्रत्येक वेळी ओव्हन थंडावतो, आणि कातडी ओली होते ती वेगळीच.

झाली की नाही हे घड्याळ सांगू शकत नाही, तापमापक सांगतो. काही शे रुपयांत सुईचा तापमापक मिळतो, टर्की करणाऱ्या घरात तो हवाच. छातीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश. मांडी आणि अंग यांच्या सांध्याजवळ किमान 74, पण 80-82 झाले तर ती जास्त मऊ लागते, कारण पायातले चिवट धागे तिथे विरघळायला लागतात. सुई हाडाला टेकली तर आकडा खोटा येतो. रस पांढरा निघाला म्हणजे शिजली, असं म्हणतात. त्यावर भरवसा ठेवू नका. बाहेर काढल्यावर अर्धा तास तशीच राहू द्या, मगच सुरी लावा. लगेच कापली तर सगळा रस पाटावर. छाती हाडापासून अख्खी सोडवा आणि धाग्यांना आडवे काप करा.

पोटात खिमा किंवा भात भरू नका. तो आतून 74 अंशांवर येईस्तोवर बाहेरचं मांस संपलेलं असतं. एक कांदा, अर्धी ढोबळी मिरची, लसणाचा एक गड्डा सैल टाकला की पुरे.

प्रश्न : लोणी टोचायची सुई मिळत नाही. गुरांची सिरिंज चालेल का?
— पुसद, जि. यवतमाळ

नवी, सीलबंद असेल तरच. एकदा जरी औषधाला वापरलेली असेल तर अजिबात नाही. 20 मिलीची सिरिंज आणि जाड सुई घ्या. 150 ग्रॅम बिनमिठाचं लोणी वितळवून त्यात 150 मिली कोमट सूप, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा मसाला घाला, दहा मिनिटं ठेवा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. गाळलं नाही तर मिरचीच्या कणाने सुई तुंबते आणि जोर लावला की मसाला डोळ्यांत उडतो. छातीच्या प्रत्येक बाजूला चार जागी, मांडीत दोन, तंगडीत एक, दर जागी साधारण 20 मिली. कातडीला एकच भोक पाडून आत सुईची दिशा बदलत राहा. भोकं जितकी कमी तितका रस कमी गळतो.

प्रश्न : आमच्याकडे ओव्हन नाही. चूल आहे, रोडग्यांसाठी गोवऱ्यांचा विस्तव करतो तो आहे. त्यावर टर्की होईल का? तालुक्याला बेकरी आहे, तिथे विचारावं का?
— सिंदेवाही, जि. चंद्रपूर

दोन्ही होतं. रोडग्यांसारखी थेट राखेत मात्र पुरू नका. रोडग्याची कणीक सगळीकडून घट्ट असते, राख झटकता येते. टर्कीच्या ओल्या, तुपकट कातडीला चिकटलेली राख निघत नाही.

जाड बुडाचा मोठा गंज घ्या. पितळी असेल तर कल्हई ताजी हवी. तळाला अर्धा किलो कांदा आणि पाव किलो ढोबळी मिरचीचे जाड काप, 300 मिली पाणी, त्यावर मीठ-मसाला लावलेले टर्कीचे चार भाग, कातडी वर. जड झाकण ठेवा आणि कडेने कणकेचा लेप लावा. खाली दोन मुठी निखारे, झाकणावर त्याच्या दुप्पट. खालची आच वाढली की कांदा करपतो आणि तो कडू वास मांसात शिरतो. निखारे बाभळीचे उत्तम, टिकतात. पऱ्हाट्या भरकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. शिवाय त्यांच्यावर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, अन्नाला त्यांचा धूर नको. दर अर्ध्या तासाने झाकणावरचे निखारे बदला. दीड तासाने लेप फोडा आणि तापमान बघा. छातीचे भाग बहुधा तेव्हा काढायला येतात, पायांना अजून अर्धा तास द्या.

वाफेत शिजल्यामुळे कातडी मऊ राहते. ती कुरकुरीत हवी असेल तर बिडाच्या तव्यावर चमचाभर लोणी घालून भाग कातडीच्या बाजूने चार-पाच मिनिटं दाबून परता. गंजाच्या तळाशी जो कांदा-मिरचीचा अर्क उरतो तो टाकू नका. थोड्या भाजलेल्या मैद्याने दाट केला की तोच रश्शा.

बेकरीत आठ दिवस आधीच विचारा. भट्टीला मांसाचा वास लागतो म्हणून काही जण नाही म्हणतात, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. हो म्हटलं तर पावाचा शेवटचा घाणा निघाल्यावर भट्टी उतरून 180 अंशांवर यायची वाट पाहा. पाव भाजायच्या तापात टर्की ठेवली तर वीस मिनिटांत कातडी काळी आणि आत कच्ची. खोल ट्रे आणि फॉइल घरून न्या. घरून निघताना टर्की बर्फाच्या डब्यात असावी.

प्रश्न : लुइझियानात टर्की अख्खी तळतात असं वाचलं. लग्नाच्या कढईत करता येईल का?
— हिंगणघाट, जि. वर्धा

कढईत नको. कढई पसरट, तिला तेल दुप्पट लागतं आणि काठ उथळ. त्यासाठी उंच, अरुंद पातेलं लागतं. 5 किलोला साधारण 12 ते 15 लिटर शेंगदाण्याचं रिफाइंड तेल, 175 अंश, किलोला 7 ते 8 मिनिटं, म्हणजे 40 मिनिटांच्या आत-बाहेर. शेवटी तापमान 74 अंश, हे इथेही तसंच.

तेल किती ओतायचं हे आधी पाण्याने मोजा. रिकाम्या पातेल्यात टर्की ठेवा, ती बुडून वर दोन बोटं पाणी येईल इतकं पाणी भरा, टर्की काढा, पाणी कुठवर उरलं तिथे खूण करा. तेल त्या खुणेपर्यंतच. खुणेपासून काठापर्यंत वीतभर अंतर राहिलं नाही तर पातेलं लहान आहे. मग पातेलं आणि टर्की अगदी कोरडी पुसा, पोटाच्या आतूनही. टर्कीत बर्फाचा खडा राहिला असेल तर त्याची वाफ पाण्याच्या सतराशेपट जागा घेते, तेल उसळून काठावरून थेट जाळावर जातं आणि भडका उडतो. तळणीच्या बहुतेक आगी अशाच लागतात. म्हणून टर्की सोडताना खालची शेगडी बंद, तीन-चार मिनिटं घेत इंच-इंच खाली सोडायची, तेल शांत झालं की शेगडी पुन्हा चालू.

डिसेंबरात आपल्या घराघरांत कापूस भरलेला असतो, खोलीत नाही तर ओसरीवर. त्या घराच्या अंगणातही ही तळणी करू नका. उघड्या, सपाट जागी, गोठा, कडबा, कापूस यांपासून लांब. जवळ पातेल्याचं झाकण आणि वाळूची बादली ठेवा. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. शेगडी बंद करून झाकण सरकवायचं. लाकडाच्या चुलीवर तर हा प्रकार करूच नका, कारण ती एका क्षणात बंद करता येत नाही.

प्रश्न : हाडं आणि उरलेलं मांस खूप राहतं. त्याचं काय करावं? आमच्याकडे भात मुबलक.
— तिरोडा, जि. गोंदिया

मग गंबो करा. लुइझियानात सणाच्या दुसऱ्या दिवशी टर्कीच्या सापळ्याचा हाच पदार्थ होतो आणि तो भातावरच वाढतात. ‘गंबो’ हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आला, आणि भेंडी त्यात घालतातही.

जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत मांस हाडांपासून सोडवून फ्रीजमध्ये ठेवा. तीन दिवसांत संपवा. सापळा मोडून 3 लिटर पाण्यात दोन-तीन तास मंद उकळा आणि गाळा.

आता गंबोचा जीव, म्हणजे रू. जाड बुडाच्या कढईत 120 मिली तेल तापवून 120 ग्रॅम मैदा घाला आणि मध्यम-मंद आचेवर सतत ढवळा. दहा मिनिटांनी बेसनाच्या लाडवासारखा वास, वीस मिनिटांनी शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग, आणि पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांनी गडद तपकिरी, ओल्या काळ्या मातीच्या अलीकडचा. मध्ये फोन आला तर उचलू नका. उलथन्यामागे काळे ठिपके दिसले की मैदा करपला, तो टाकून नव्याने सुरू करा, कडूपणा पुढे कशानेही जात नाही. बेसन वापरू नका, ते लवकर जळतं. रू जितका गडद तितका त्याचा दाटपणा कमी होतो, त्यामुळे गंबो आपल्या रश्श्यापेक्षा थोडा पातळच असतो.

रंग आला की लगेच 2 कांदे, 1 ढोबळी मिरची आणि 2 दांडे सेलरी बारीक चिरून टाका. केजन स्वयंपाकाची सुरुवात या तिघांनीच होते. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीचे जाड देठ घ्या. चव तीच येत नाही, पण ओला, हिरवट वास येतो. भाज्या पडताच कढई जोरात चरचरते आणि रू पुढे करपायचा थांबतो. मग लसणाच्या 6 पाकळ्या, उरलेला मसाला, तमालपत्राची 2 पानं आणि गाळलेलं सूप थोडं थोडं करत. तासभर मंद आच. भेंडी पाव किलो वेगळी कोरडी परतून घाला, म्हणजे तार येत नाही. मांस शेवटच्या दहा मिनिटांत, ते आधीच शिजलेलं आहे. जुना, चिवट नर असेल तर त्याचे कच्चे तुकडे मात्र सुपाबरोबरच घाला आणि तीन तास लागू द्या.

पोटा-कलेजी गंबोत टाकू नका. ती बारीक चिरून कांदा-मिरचीवर परता आणि मोकळा भात त्यात कालवा. लुइझियानात त्याला ‘मळका भात’ म्हणतात, कारण कलेजीने भाताला मातकट रंग येतो. मसाला त्यात छोटा चमचाभरच घाला.